केसपेपरची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे

मागच्या महिन्यात घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ गावाकडून आलेल्या आईला घेऊन आले. पित्ताशयाचे ऑपरेशन उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात झालेले. जखमेतून पू येत होता, ताप हटत नव्हता. औषधे कोणती दिली, तपासण्या काय निघाल्या, विचारले तर हातात फक्त बिल! “पेपर मागितले, तर ते रुग्णालयाचे असतात म्हणाले,” असे ते सांगत होते.

हा गैरसमज आहे. रुग्णाने वा जवळच्या नातेवाइकाने मागितल्यास केसपेपरच्या प्रती दिल्याच पाहिजेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावले आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवावे लागतात.

मी त्यांना साधा अर्ज लिहून दिला. तिसऱ्या दिवशी प्रती मिळाल्या. घरी सोडताना तपासायला पाठवलेल्या पुवाचा कल्चर रिपोर्ट त्यातच होता. कोणते प्रतिजैविक लागू पडेल, ते त्यात स्पष्ट लिहिले होते. तो कागद नसता, तर मी अंदाजपंचे औषध देत बसलो असतो.

मग तुम्ही काय करावे? अर्ज लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही-शिक्का घ्या. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, औषधांचा तक्ता व सर्व रिपोर्ट मागा. प्रतींचा खर्च मागितला, तर पावती घ्या. तरीही नकार मिळाला, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर असेल, तर २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयांना मात्र ग्राहक कायदा लागू नाही.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हा आम्हा नव्या डॉक्टरांना धास्तीच वाटली होती. आज वाटते, नीट लिहिलेला केसपेपर रुग्णाला तारतो, तसाच प्रामाणिक डॉक्टरलाही. तेव्हा मागायला संकोचू नका. मात्र भांडण्यासाठी नव्हे, बरे होण्यासाठी मागा.