ऑफिसच्या फोन सिस्टिमचे काम : अनुभव कोणता लागतो, शिकायचे काय?



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "आमचे मेहुणे ग्रीन कार्डवर आलेत. पंचवीस वर्षे टेलिफोन खात्यात होते. इथे त्यांना काय काम मिळेल?" जानेवारी २०२० मध्ये बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हापासून हा प्रश्न जरा जास्तच येतो. मी स्वतः इथे ऑफिसच्या फोन सिस्टिम बसवण्याचे काम करतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

काम नेमके काय असते?

आपण भारतात ज्याला ईपीएबीएक्स म्हणतो त्याला इथे पीबीएक्स किंवा नुसते 'फोन सिस्टिम' म्हणतात. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत मी दहा मिनिटे ईपीएबीएक्स, ईपीएबीएक्स करत होतो आणि समोरच्याला काही कळत नव्हते! दवाखाना, शाळा, हॉटेल, वकिलाचे ऑफिस अशा ठिकाणी जाऊन केबल ओढणे, फोन जोडणे, एक्स्टेन्शन आणि व्हॉइसमेल प्रोग्रॅम करणे आणि बंद पडले की शोधून दुरुस्त करणे, हे ते काम.

१. हाताचे काम

ह्यात आपले जुने लाइनमन आणि टेक्निशियन तरबेज असतात. टोनर लावून वायर शोधणे, ६६ आणि ११० ब्लॉकवर पंच करणे, बट-सेट लावून डायल टोन ऐकणे, हे आजही लागते. लिफ्टचे आणि फायर अलार्मचे फोन अजून बऱ्याच ठिकाणी तांब्याच्या जोडीवरच असतात. इथल्या २५ जोड्यांच्या केबलचे रंग मात्र पाठच हवेत. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हा एक गट. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी हा दुसरा. पाच गुणिले पाच, पंचवीस. आणखी एक गोष्ट: सीलिंगवरच्या ज्या पोकळीतून एसीची हवा परत जाते तिथे 'प्लेनम' केबलच टाकावी लागते, कारण साधी केबल पेटली तर तिचा धूर हवेबरोबर सगळीकडे पसरतो.

२. नेटवर्क

इथेच बहुतेकांची गाडी अडते. पूर्वी ऑफिसात पीआरआय लाइन येई. भारतात तिचे ३० चॅनेल, इथे २३. आता तिची जागा एसआयपी ट्रंकने घेतली आहे. म्हणजे आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून जातो. त्यामुळे आयपी अॅड्रेस, डीएचसीपी, व्हीलॅन, पीओई स्विच आणि क्वालिटी ऑफ सर्व्हिस हे शब्द नुसते माहीत असून चालत नाही, हाताळता आले पाहिजेत. 'माझे बोलणे समोरच्याला ऐकू जाते, त्याचे मला येत नाही' ही तक्रार पूर्वी वायरची असे. आता ती बऱ्याचदा फायरवॉलची असते.

घरी सराव करायचा असेल तर जुना कॉम्प्युटर आणि दोन सेकंडहँड आयपी फोन घ्या. अॅस्टेरिस्क हे १९९९ पासूनचे फोन सिस्टिमचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते चालवून दोन फोन एकमेकांशी बोलते केलेत तर इंटरव्ह्यूत सांगण्यासारखे खूप काही हाती येते.

३. सर्टिफिकेट आणि लायसन्स

सुरुवातीला कॉम्पटियाचे नेटवर्क प्लस, मग सिस्कोचे सीसीएनए. केबलिंगसाठी बिक्सीची इन्स्टॉलर परीक्षा. कम्युनिटी कॉलेजचा छोटा कोर्सही चालतो, चार वर्षांची डिग्री सहसा मागत नाहीत. (म्हणूनच एच-१बी साठी ही नोकरी साधारणपणे बसत नाही. ग्रीन कार्ड किंवा वर्क परमिट हवे.) लायसन्सचे नियम मात्र राज्याराज्यात वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात स्वतःचे कंत्राट घ्यायचे तर सी-७ लायसन्स लागते. आपल्या राज्याचे नियम आधी पाहून घ्या.

एकाच कंपनीच्या सिस्टिमवर विसंबू नका. नॉर्टेल २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिचा ऑफिस फोनचा धंदा अवायाने घेतला. पुढे २०१७ आणि २०२३ मध्ये अवायालाही दिवाळखोरी अर्ज करावा लागला. मूळ तत्त्व पक्के असेल तर ब्रँड कुठलाही चालतो.

४. सर्वांत मोठी जबाबदारी : ९११

१ डिसेंबर २०१३ ला टेक्ससमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट ह्या तरुणीची हत्या झाली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ चार वेळा फिरवला, पण लागला नाही. बाहेरच्या फोनसाठी आधी ९ दाबायचे हे त्या लेकराला काय माहीत? त्यातून 'कॅरीज लॉ' हा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या सिस्टिमवरून आधी दुसरा आकडा न दाबता थेट ९११ लागलाच पाहिजे, आणि फ्रंट डेस्कला किंवा ऑफिसला त्याची सूचना गेली पाहिजे. ही जबाबदारी सिस्टिम बसवणाऱ्यावरही आहे. म्हणून नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी हे शिकवतो. आपल्यापैकी ज्यांचे मोटेल किंवा दुकान आहे त्यांनीही आपल्या फोनवाल्याला हे जरूर विचारावे.

५. इतर गोष्टी

ड्रायव्हिंग लायसन्स आणि स्वच्छ रेकॉर्ड, शिडीवर चढायची तयारी, पन्नास पौंड उचलण्याची ताकद, रंग नीट ओळखता येणे, आणि रात्री-अपरात्री कॉल आला तर जाणे. शिवाय गिऱ्हाईकाशी शांतपणे बोलता आले पाहिजे. फोन बंद म्हणजे त्याचा धंदा बंद, तो चिडलेलाच असतो!

रेझ्युमे लिहिताना

'टेलिकॉम टेक्निकल असिस्टंट' हे पद इथे कोणाला कळत नाही. त्यापेक्षा किती लाइन सांभाळल्या, कोणते एक्स्चेंज चालवले, बिघाड कसे शोधले ते लिहा. सुरुवातीला हेल्पर म्हणून केबल ओढावी लागली तर कमीपणा मानू नका. खात्यात साहेब होतो हे थोडे दिवस विसरावे लागते, हे अवघड जाते खरे. पण पंचवीस वर्षांचे बिघाड शोधण्याचे डोके वाया जात नाही. वायर बदलली, इलेक्ट्रॉनिक्स बदलले, बिघाड शोधायची रीत तीच आहे.

कोणाला आणखी काही विचारायचे असेल तर पुढच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मी आहेच. सर्वांना शुभेच्छा!