चाई, मनस्ताप आणि व्यक्तिमत्त्व

डोक्यावरील वा दाढीतील रुपयाएवढ्या जागेचे केस अकस्मात गळून तेथील त्वचा गुळगुळीत होणे, या विकारास मराठीत चाई म्हणतात. आयुर्वेदातील इंद्रलुप्त ते हेच, असे सामान्यतः मानतात. शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेतील पेशी केसांच्या मुळांवरच चालून जातात, हे त्याचे निकटचे कारण होय. मुळे मात्र नष्ट होत नाहीत. म्हणून पुष्कळांचे केस आपोआप परत येतात, आणि त्या वेळी चालू असलेल्या उपायास अनायासे यश लाभते.

मनस्तापाने चाई पडते, ही समजूत रुग्णांत व चिकित्सकांतही दृढ आहे. तिची परीक्षा वाटते तितकी सोपी नाही. होम्स व राहे यांच्या १९६७ मधील श्रेणीत आयुष्यातील ४३ घटनांना गुण दिलेले आहेत; जोडीदाराच्या मृत्यूस १००. परंतु केस गेल्यावर अशी यादी पुढे ठेवली, तर रुग्ण कारण सापडेपर्यंत गतकाळ चाळीत राहतो. ज्याचे केस शाबूत आहेत त्यास तसे प्रयोजन नसते. शिवाय चाई ही स्वतःच एक आपत्ती आहे. उपवर मुलीच्या मनात ती पडल्यानंतर आढळलेली चिंता पूर्वीपासूनची होती, असे कशावरून म्हणावे?

या दृष्टीने पिकार्डी व सहकाऱ्यांचे, इटलीतील आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन लक्षणीय आहे. तुलनेसाठी त्यांनी निरोगी माणसे न घेता, ज्यांत मनाचा वाटा नगण्य समजतात अशा त्वचाविकारांचे रुग्ण घेतले. तापदायक घटनांच्या संख्येत दोन्ही गटांत भेद दिसला नाही. तो निराळ्याच ठिकाणी दिसला: निकट संबंध टाळण्याची वृत्ती, स्वतःच्या भावना ओळखून शब्दांत मांडण्याची असमर्थता आणि आप्तेष्टांचा अपुरा आधार, ही चाईच्या रुग्णांत अधिक होती. अर्थात रुग्णसंख्या अल्प होती, आणि व्यक्तिमत्त्वाचे मापनही रोगारंभानंतरचेच. एवढ्यावरून ‘चाईचे व्यक्तिमत्त्व’ कल्पणे हे रुग्णाच्या माथी नसता दोष मारणेच होय.

ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्रम पाहता आला, कारण तेथे निदानाच्या तारखा हाताशी होत्या. तीव्र विषण्णतेच्या रुग्णांना पुढे चाई पडण्याचा संभव अधिक आढळला. चाईच्या रुग्णांना पुढे विषण्णता जडण्याचा संभवही अधिकच आढळला.