'जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली' : ट्रेव्हॉन मार्टिन प्रकरणातून स्वसंरक्षणाचा दावा समजून घेताना

'स्वसंरक्षणासाठी गोळीबार' अशी बातमी आली की आपल्या घरांत आणि मोबाइलच्या ग्रुपांवर लगेच दोन तट पडतात. मेलेल्याचं नाव वाचलं की बाजू ठरते, बातमी मागाहून वाचली जाते. काही जण म्हणतात, सरळ खून आहे. काही म्हणतात, त्यानं काहीतरी केलं असेल म्हणूनच गोळी बसली. कायदा नेमकं काय विचारतो हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या एका गाजलेल्या खटल्याबद्दल सांगणार आहोत. त्याचा निकाल लागून बरीच वर्षं झाली, साक्षीपुरावे सगळे उघड आहेत आणि आपल्यापैकी कुणी त्यात नाही. त्यामुळे डोकं शांत ठेवून तो वाचता येतो.

२६ फेब्रुवारी २०१२ ची संध्याकाळ. फ्लोरिडा राज्यातलं सॅनफर्ड हे गाव, पाऊस पडत होता. ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणि शीतपेय घेऊन परत येत होता. अंगात डोक्यावर टोपी ओढता येणारा हुडी. वडिलांसोबत तो ज्या घरी उतरला होता, ते घर त्याच कुंपणबंद वसाहतीत होतं. म्हणजे मुलगा तिथं पाहुणा होता, घुसखोर नव्हता.

त्याच वसाहतीत राहणारा अठ्ठावीस वर्षांचा जॉर्ज झिमरमन रहिवाशांच्या गस्तपथकाचा स्वयंसेवक होता. जवळ परवान्याचं पिस्तूल. आधीच्या काही महिन्यांत तिथं चोऱ्या झाल्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. त्यानं गाडीतून ट्रेव्हॉनला पाहिलं आणि पोलिसांना फोन केला की एक संशयास्पद मुलगा फिरतोय, काहीतरी वाईट हेतू दिसतो. मग तो गाडीतून उतरला. तुम्ही त्याच्या मागे जाताय का, असं फोनवरच्या कर्मचाऱ्यानं विचारलं. तो हो म्हणाला. त्याची गरज नाही, असं त्याला सांगण्यात आलं. पुढच्या काही मिनिटांत दोघांची झटापट झाली आणि एक गोळी ट्रेव्हॉनच्या छातीत लागली. मुलगा जागीच गेला. त्याच्याकडे कसलंही हत्यार नव्हतं.

झिमरमननं पोलिसांना सांगितलं की मुलगा अंगावर आला, मला खाली पाडून माझं डोकं सिमेंटच्या वाटेवर आपटत होता, जीव जाईल असं वाटलं म्हणून गोळी झाडली. त्याच्या नाकाला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जखमा होत्या. स्थानिक पोलिसांनी त्याला जाऊ दिलं. देशभर मोर्चे निघाले, तेव्हा कुठे ११ एप्रिलला, दीड महिन्यानंतर, त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. १३ जुलै २०१३ रोजी सहा स्त्रियांच्या ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण निर्दोष सुटला म्हणजे काय ठरलं, आणि काय ठरलंच नाही, इकडे सहसा कुणी बघत नाही.

स्वसंरक्षणाच्या दाव्यात कोर्ट गोळी सुटली त्या क्षणाकडे पाहतं. माणसाला तेव्हा जिवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती खरोखर वाटली का? आणि तशी भीती वाटणं वाजवी होतं का, म्हणजे त्याच्या जागी दुसरा समजूतदार माणूस असता तर त्यालाही ती वाटली असती का? फ्लोरिडात २००५ पासून असा कायदा आहे की जिथं असण्याचा तुम्हाला हक्क आहे तिथं धोका दिसला, तर मागे हटण्याची सक्ती नाही. झिमरमनच्या वकिलांनी या कायद्याखाली खटल्याआधीच सुटका मागितली नाही. पण ज्युरीला दिलेल्या सूचनांत मागे हटण्याचं बंधन नाही हे वाक्य होतंच. शिवाय दावा खोटा आहे हे सरकारी पक्षानं निःसंशय सिद्ध करायचं होतं. झटापट सुरू कुणी केली, याचा साक्षीदार नाही. दोघांपैकी एक मेला, दुसरा आरोपी. मग संशयाचा फायदा कुणाला मिळणार ते उघड आहे.

पाठलाग करणं चुकीचं असेल, पण रस्त्यावर एखाद्याच्या मागे चालणं हा तिथं आपोआप गुन्हा ठरत नाही. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोर्टाच्या दाराबाहेर राहिला : हा मुलगा आधी संशयास्पद वाटलाच का? न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना सुरुवातीच्या भाषणात त्यानं मुलाबद्दल ग्रह करून घेतला असं म्हणण्याची मुभा दिली, पण 'वांशिक' हा शब्द जोडायला मनाई केली. ज्या गोष्टीवर सगळा देश भांडत होता, ती खटल्यात जेमतेम उच्चारली गेली.

आमच्या मते घोळ 'वाजवी' या शब्दात आहे. वाजवी भीती कोणती हे समाज ठरवतो, आणि समाजाच्या मनात काही चेहरे आधीच भीतीचे झालेले असतात. याचे प्रयोग झाले आहेत. २००२ साली जोशुआ कोरेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक व्हिडिओ गेम तयार केला. पडद्यावर अचानक माणूस येतो, हातात कधी पिस्तूल, कधी मोबाइल किंवा पाकीट. पिस्तूल असेल तरच गोळी झाडायची. लोकांनी हत्यार असलेल्या कृष्णवर्णीयावर अधिक चटकन गोळी झाडली, आणि निःशस्त्र माणूस गोरा असेल तर अधिक चटकन हात आवरला. त्यातला विचार करायला लावणारा भाग असा की भाग घेणाऱ्या कृष्णवर्णीयांतही हाच कल दिसला. म्हणजे द्वेष असायलाच हवा असं नाही. वर्षानुवर्षं पाहिलेली चित्रंच हात चालवतात.

२००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हाच खेळ आपल्याला लागू होईल असा केला. पडद्यावरच्या काही माणसांच्या डोक्यावर मुसलमानी पेहराव दाखवला. त्यांच्यावर जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. टोपी घालून क्लासला जाणारा मुलगा किंवा बुरख्यातली कॉलेजची मुलगी ज्यांच्या घरात आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पण पूर्वग्रह एकाच बाजूला होता असं समजू नका. एनबीसी वाहिनीनं झिमरमनचा फोन अशा रीतीनं कापून ऐकवला की मुलगा काळा आहे हे त्यानं आपणहून सांगितलं असं वाटावं. प्रत्यक्षात पोलिसांकडच्या कर्मचाऱ्यानं वर्ण विचारला, तेव्हा त्यानं उत्तर दिलं होतं. वाहिनीला माफी मागावी लागली. या एका कापाकापीनं दुसऱ्या बाजूच्या हाती आयतं कोलीत दिलं. दुसरी बाजूही काही कमी नव्हती. ट्रेव्हॉनला शाळेतून काही दिवस काढलं होतं, त्याच्या रक्तात गांजाचा अंश सापडला, अशा बातम्या रोज चालल्या. भलत्याच कुणाचे फोटो त्याचे म्हणून फिरवले गेले. मेलेल्या मुलाचीच उलटतपासणी सुरू झाली. अरे, शाळेतून काढलेल्या मुलालाही जिवंत घरी पोचायचा हक्क असतोच ना! आपण मात्र अशा वेळी 'मुलगा फार गुणी होता, पाच वक्तचा नमाजी होता' हे सिद्ध करत बसतो, जणू गुणी नसता तर चाललं असतं.

शेजाऱ्यांच्या फोनवर एक किंकाळी रेकॉर्ड झाली होती. ट्रेव्हॉनच्या आईनं कोर्टात सांगितलं, हा माझ्या मुलाचा आवाज. झिमरमनच्या आईनंही सांगितलं, हा माझ्या मुलाचा आवाज. एफबीआयच्या तज्ज्ञानं सांगितलं की एवढ्याशा आवाजावरून माणूस ओळखता येत नाही. दोघी आया खोटं बोलत होत्या असं आम्हाला वाटत नाही. निकालानंतर प्यू संस्थेनं पाहणी केली, तेव्हा ८६ टक्के कृष्णवर्णीय निकालावर नाराज होते, गोऱ्यांमध्ये ३० टक्के. निकाल एकच, पण ऐकणारे कान वेगवेगळे.

आता आपल्याकडचा कायदा. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. आपल्याकडेही हल्ला झाला तर पळून जाण्याची सक्ती नाही, आणि भीती वाजवी होती का हाच प्रश्न इथंही विचारला जातो. पण कलम ३७ मध्ये दोन मोठ्या मर्यादा आहेत : पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. जीव घेण्याइतका हक्क कधी मिळतो, ते कलम ३८ सांगतं. आणखी एक फरक म्हणजे आपल्याकडे स्वसंरक्षण झालं हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. ते निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, तसं घडलं असणं अधिक संभवतं एवढं दाखवलं की पुरतं. झिमरमनसारखा खटला इथं उभा राहिला असता तर पोलीस फोनवर असताना खाली का उतरलास, हा प्रश्न नक्की आला असता. तरी तो शिक्षेला पात्र ठरलाच असता असं आम्ही म्हणणार नाही. जमिनीवर पडलेल्या माणसाचा शेवटचा मिनिट इथंही वेगळा मोजला गेला असता.

'पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला' हे वाक्य आपण अनेकदा वाचतो. त्याबाबत नियम स्पष्ट आहे. मुंबईतल्या १९९० च्या दशकातल्या चकमकींवरून पीयूसीएलनं दाद मागितली होती. २०१४ साली त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चकमकीत मृत्यू झाला की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करायचा, आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हायची. मेलेला गुन्हेगार होता की नव्हता, याच्याशी या नियमाचा संबंध नाही.

सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहायला सांगितलं आहे, आणि कुणी खबर आणली तर खात्री करून घ्यायलाही. पहिली गोष्ट आपण इतरांना ऐकवतो, दुसरी ग्रुपवर फॉरवर्ड करताना विसरतो. पुढच्या वेळी अशी बातमी आली की नाव वाचून थांबू नका. मेलेल्याच्या हातात काय होतं, मागे कोण कुणाच्या गेलं, किती अंतरावरून गोळी सुटली, पोस्टमॉर्टेम आणि पंचनामा काय म्हणतो, तपास कुणाकडे आहे, हे विचारा. नातेवाइकांना एफआयआरची प्रत आणि पोस्टमॉर्टेमचा अहवाल मागता येतो. वकील पहिल्याच दिवशी हे कागद मागतो.