ऑपरेशननंतर बिघडलं, तर केस करायची का? आधी फाईल, मग राग

आजचा विषय जरा जड आहे, पण चोपड्यापासून शिरपूरपर्यंत कुठल्याही घरात येऊ शकतो. घरातल्या माणसाचं ऑपरेशन झालं, तब्येत सुधारायच्या ऐवजी बिघडली, दुसऱ्या दवाखान्यात पळवावं लागलं. कधी माणूसच हातचा गेला. मग घरात रात्रभर एकच प्रश्न, आपल्या अहिराणीत सांगायचं तर, ‘आते काय करानं?’ एक काका म्हणतात पोलिसात जा, दुसरे म्हणतात डॉक्टरशी कोण लढणार. आणि गुगल करायचं काम येतं घरातल्या तरुण पोरावर किंवा पोरीवर. म्हणजे तुमच्यावर. म्हणून आजचा भाग तुमच्यासाठी.

आधी एक खरी केस

आपल्या शेजारच्या औरंगाबादमधली, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमधली. जुलै 1963. सरकारी दवाखान्यात एका बाईचं बाळंतपण झालं आणि 13 जुलैला कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. त्यानंतर ताप आणि पोटदुखी थांबेना. पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत मॉप सापडला, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला वापरतात ते कापड. आत पू झाला होता. 24 जुलैला ती गेली.

घरच्यांनी दिवाणी दावा लावला. खालच्या कोर्टाने 36 हजार रुपये भरपाई दिली, हायकोर्टाने तो निकाल फिरवला, आणि सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 1996 मध्ये पुन्हा घरच्यांच्या बाजूने निकाल दिला. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र सरकार या नावाने ही केस आजही कोर्टात सांगितली जाते. हिशोब करा, मृत्यूपासून जवळपास 33 वर्षं!

या निकालात दोन गोष्टी आहेत. एक, पोटात कापड राहिलं तर निष्काळजीपणा उघड दिसतो, आणि सरकारी दवाखाना आहे म्हणून सरकारची सुटका होत नाही. दुसरी गोष्ट लोक सहसा सांगत नाहीत. कोर्टाने म्हटलं की डॉक्टर-डॉक्टरचं कौशल्य वेगळं असतं, उपचाराचे मार्ग एकापेक्षा जास्त असतात, आणि डॉक्टरने योग्य काळजी घेतली असेल तर रुग्ण वाचला नाही एवढ्यावरून त्याला दोषी धरायचं नाही.

मग निष्काळजीपणा कशाला म्हणायचं?

तीन प्रश्न वहीत लिहा.

पहिला: त्या परिस्थितीत साधारण जाणकार डॉक्टरने जे केलं असतं, ते इथे झालं का? दुसरा: नुकसान नेमकं काय झालं? तिसरा आणि सगळ्यात अवघड: ते नुकसान त्या चुकीमुळेच झालं का?

टाके पिकणं, रक्तस्राव होणं, इन्फेक्शन होणं हे सगळी काळजी घेऊनही होऊ शकतं. त्याला गुंतागुंत म्हणतात. पण पेशंट दोन दिवस तापाने फणफणतोय, पोट फुगलंय, नातेवाईक सांगतायत आणि कुणी तपासायलाच आलं नाही, तर तो वेगळा मुद्दा. म्हणजे बऱ्याचदा प्रश्न ‘इन्फेक्शन का झालं’ हा नसतो. ‘लक्षात आल्यावर काय केलं’ हा असतो.

आणि हो, ‘तुम्ही सही केली होती ना?’ याला घाबरू नका. संमतीपत्रावरची सही म्हणजे ऑपरेशनला आणि समजावून सांगितलेल्या धोक्यांना होकार. निष्काळजीपणाला होकार नाही.

पहिलं काम: कागद

वकिलाच्याही आधी फाईल. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर 72 तासांच्या आत रेकॉर्ड द्यायचं असतं. अर्ज लेखी द्या, पोहोच घ्या. काय मागायचं? केस पेपर, ऑपरेशनची नोंद, भूल दिल्याची नोंद, नर्सचा तक्ता, संमतीपत्र, सगळे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, बिलं. भरती रुग्णाचं रेकॉर्ड 3 वर्षं ठेवायचा नियम आहे, पण तेवढं थांबायचं कशाला?

मृत्यू झाला असेल आणि मनात शंका असेल, तर त्याच वेळी पोस्टमॉर्टेमची मागणी करा. ऐकायला कठोर वाटतं. पण अंत्यविधी झाल्यावर मृत्यूचं कारण सिद्ध करणं फार अवघड जातं.

मग ही फाईल त्याच विषयाच्या, पण दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला दाखवा. ‘केस करू का?’ असं विचारू नका. ‘तुम्ही असता तर काय वेगळं केलं असतं?’ असं विचारा. उत्तर मोकळं मिळतं. पोटात कापड राहण्यासारखी उघड चूक सोडली, तर तज्ज्ञाच्या मताशिवाय केस उभी राहणं कठीण असतं.

तोडफोड? अजिबात नाही

मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नातेवाइकांनी एका तरुण निवासी डॉक्टरला मारहाण केली. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि पुढे राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी वेगळा कायदा आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तुमची बाजू खरी असली तरी आरोपी तुम्हीच होता.

कुठे जायचं? तुम्हाला काय हवंय त्यावर

भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी. 2019 च्या कायद्याने आपल्यासारख्यांची मोठी सोय केली: ऑपरेशन नाशिक, सुरत किंवा मुंबईला झालं असलं, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावला किंवा धुळ्याला, तक्रार करता येते. दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारं सरकारी रुग्णालय असेल, तर मार्ग दिवाणी कोर्टाचा. तिथली मुदत वकिलाकडून लगेच समजून घ्या.

डॉक्टरच्या वागण्यावर कारवाई हवी असेल तर मुंबईची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. ती ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ थांबवू शकते. भरपाई मात्र देत नाही.

पोलीस? 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार ढोबळ लागतो, आणि पोलिसांनी आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यायचं असतं. प्रत्येक केस तिथे टिकत नाही.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळू शकतो. फोन 15100. ग्राहक हेल्पलाइन 1915.

आणि नाही केली केस तर?

तोही निर्णयच आहे, पळपुटेपणा नाही. फाईल वाचून कळलं की चूक नव्हती, किंवा चूक छोटी आणि नुकसान भरून निघालं, तर कुणी वर्षानुवर्षं तारखांना का जावं? कधीकधी घरच्यांना फक्त ‘नेमकं काय झालं’ एवढंच हवं असतं. ते लेखी विचारा. समझोता होत असेल तर ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

पण निर्णय लांबला म्हणून संधी गेली, असं होऊ देऊ नका. ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. ऑपरेशनची तारीख धरा, मोबाईलमध्ये 6 महिन्यांनंतरचा रिमाइंडर लावा, आणि तोपर्यंत फाईल आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत हातात घ्या. मग घरात सगळे बसा आणि ठरवा.