जॉब नंबर टाकला का?

जाहिरात एजन्सीत काम आलं की आधी त्याला जॉब नंबर पडतो. पूर्वी तो जाड पाकिटावर लिहायचे. ब्रीफ, आर्टवर्क, प्रूफ सगळं त्यातच कोंबलेलं. ट्रॅफिक विभागाचा माणूस ते पाकीट या टेबलावरून त्या टेबलावर नेई. आता तेच सॉफ्टवेअरवर चालतं. अशा सॉफ्टवेअरपैकी बेसकॅम्प शिकागोच्या ३७सिग्नल्स या वेब डिझाइन कंपनीने आधी स्वतःच्याच कामांसाठी बनवलं आणि २००४ मध्ये बाजारात आणलं.

अशा सॉफ्टवेअरमध्ये खरा उपयोग टाइमशीटचा, म्हणजे प्रत्येक जॉब नंबरवर गेलेल्या तासांच्या नोंदीचा. ‘लोगो जरा मोठा करा’ म्हणत क्लायंटची पाचवी दुरुस्ती आली, की ठरल्यापेक्षा किती तास जादा गेले ते दाखवून वाढीव बिल मागता येतं. अर्थात, शुक्रवारी संध्याकाळी आठवडाभराचे तास अंदाजपंचे भरले नसतील तर!