तापमापकाची केशनलिका

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन व विकास आस्थापनेत लष्करी वाहनांची कसोटी घेतली जाते. आणि जेथे जेथे इंजिनाकडून सामर्थ्याची परमावधी मागितली जाते, तेथे शीतक जलाचे तापमान चालकाच्या दृष्टीसमोर असणे अगत्याचे ठरते. यांत्रिक तापमापकास वीज लागत नाही: जलमार्गातील कुपीत ईथरसारखा बाष्पनशील द्रव तापला, की बाष्पदाब केशनलिकेवाटे, १८४९ साली यूजीन बूर्दों या फ्रेंच कारागिराने पेटंट घेतलेल्या वक्रनलिकेपर्यंत पोहोचतो, ती किंचित उलगडते आणि काटा सरकतो. हा साधेपणा मला फार मोलाचा वाटतो. मात्र केशनलिका कापून आखूड करता येत नाही. म्हणून जादा लांबी सैल वेटोळ्यात बांधावी, आणि नलिका ज्या पत्र्यातून जाते त्याच्या छिद्रात रबरी कडे बसविण्यात कसूर करू नये.