एच. आय. व्ही.बाधित पुरुषांमधील अवसाद : कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात

‘डिप्रेशन’ या मनोविकारासाठी मराठीत ‘नैराश्य’ हा शब्द रूढ झाला आहे. तथापि तो फारसा समाधानकारक नाही. निराशा ही भावना होय, व तिला बहुधा कारण असते. हा विकार मात्र कारण सरल्यावरही टिकून राहतो आणि झोप, भूक, कामाची उमेद व निर्णयशक्ती यांवर एकाच वेळी आघात करतो. यास्तव येथे ‘अवसाद’ ही संज्ञा योजिली आहे. प्रश्न केवळ भाषेचा नाही. एच. आय. व्ही.ची बाधा झालेला पुरुष खिन्न दिसला, तर ‘त्याला कारणच तसे आहे’ असे म्हणून घरची माणसे, आणि पुष्कळदा डॉक्टरही, तो विषय तेथेच सोडतात. कारण सापडले म्हणजे उपचाराची गरज उरत नाही, हा तर्क सदोष आहे. पाय कशाने मोडला हे ठाऊक आहे म्हणून तो न बांधता कोणी सोडीत नाही.

२००१ मध्ये अमेरिकेत दहा अभ्यासांच्या निष्कर्षांची एकत्र छाननी झाली. तीत बाधित व्यक्तींमध्ये तीव्र अवसादाचे प्रमाण अबाधितांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. परंतु रोगाच्या अवस्थेशी या प्रमाणाचा संबंध दिसला नाही. म्हणजे शरीर किती खंगले यावरून मनाची स्थिती ओळखता येत नाही. त्याच देशातील स्पॅनिशभाषक स्थलांतरित पुरुषांच्या बाबतीत घरापासूनचे अंतर, गुप्तता आणि ‘पुरुषाने खंबीर राहिले पाहिजे’ ही शिकवण या गोष्टींची चर्चा वारंवार होते. या तिन्ही गोष्टी भोर घाटाच्या पायथ्याशीही अपरिचित नाहीत.

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून दूर, सह्याद्रीला टेकलेले तालुके. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग किनाऱ्यावर आहे. उलट कर्जत व खोपोली येथून सुटणाऱ्या लोकल गाड्या कल्याण-मुंबईकडे जातात. घाटाखालून जुना मुंबई-पुणे रस्ता व द्रुतगती मार्ग जातात, खोपोलीच्या परिसरात कारखाने आहेत, आणि कातकरी व ठाकर वाड्यांतील अनेक कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्टीसारख्या कामांसाठी घर सोडतात. अशा प्रदेशात औषधोपचाराचे अंतर केवळ मैलांत मोजून भागत नाही. जवळच्या दवाखान्यात ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने माणूस मुद्दाम दूरचे केंद्र पसंत करतो. मग दर खेपेस एक दिवसाची मजुरी बुडते आणि घरी एक नवी सबब सांगावी लागते. वर्षानुवर्षे सबबी सांगत राहण्याचा शीण हाही अवसादाचा एक झरा होय. बाधेविषयीची माहिती संमतीवाचून उघड करण्यास २०१७ चा कायदा बंदी करतो व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. पण वाडीतील कुजबुजीला कायद्याचा धाक थोडाच असतो!

पुरुषांची अडचण आणखी एका कारणाने वाढते. गरोदरपणाच्या निमित्ताने स्त्रीची तपासणी होते. पुरुषाला तसे निमित्त नसते. क्षयासारखा आजार बळावला, किंवा पत्नीचा अहवाल आला, म्हणजे त्याला स्वतःची बाधा कळते. दुसऱ्या प्रसंगी अपराधाची भावनाही सोबत येते. तो ‘मी दुःखी आहे’ असे म्हणत नाही. ‘अंग दुखते’, ‘मन लागत नाही’, ‘टेन्शन आहे’, ‘रात्री डोक्यात विचार फिरतात’ असे म्हणतो. किंवा काहीच न म्हणता दारूकडे वळतो, आणि घरच्यांना दिसतो तो केवळ त्याचा चिडखोरपणा.

याचा परिणाम गोळ्यांवर होतो, आणि खरा धोका तेथेच आहे. १ एप्रिल २००४ पासून भारतात शासनातर्फे विनामूल्य विषाणुरोधक उपचार, म्हणजे ए. आर. टी., देण्यास प्रारंभ झाला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे आरंभीच्या केंद्रांपैकी एक. औषध नियमाने घेतल्यास रक्तातील विषाणूंचे प्रमाण मापनाच्या खाली जाते, दीर्घ आयुष्य लाभू शकते, आणि ही स्थिती टिकून असेपर्यंत लैंगिक संबंधातून बाधा जोडीदारास होत नाही. पण ‘आता कशासाठी घ्यायचे?’ हा प्रश्न मनात रुजला की डोस चुकू लागतात, विषाणू पुन्हा वाढतो, आणि कालांतराने औषधाला दाद देईनासा होतो. पूर्वी पुष्कळांना दिले जाणारे एफाव्हिरेंझ हे औषध स्वतःच झोप बिघडवी, विलक्षण स्वप्ने पाडी, आणि काही रुग्णांत खिन्नताही उत्पन्न करी. अलीकडे त्याची जागा बव्हंशी डोल्यूटेग्राव्हिरने घेतली आहे. तथापि झोपेची तक्रार त्यानेही काहींना होते. म्हणून नव्याने आलेल्या खिन्नतेचा विचार करताना आधी औषधाची चिठ्ठी पाहणे इष्ट.

निदानासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची पी. एच. क्यू. ही प्रश्नावली मागील दोन आठवड्यांविषयी विचारते. २७ पैकी १० किंवा अधिक गुण पडल्यास पुढील तपासणी योग्य ठरते. मात्र थकवा, अरुची व निद्रानाश ही लक्षणे विषाणूमुळेही संभवतात. अशा वेळी आवडीच्या गोष्टींतला रस संपला आहे काय, स्वतःविषयी तिरस्कार वाटतो काय, हे प्रश्न अधिक निर्णायक असतात. मरणाच्या विचारांविषयीचा नववा प्रश्न तर कधीच गाळू नये. विचारल्याने ती कल्पना रुग्णाच्या डोक्यात शिरते, ही समजूत निराधार आहे.

उपचार दुर्मीळ नाहीत. अवसादावरील प्रचलित औषधांपैकी कित्येक ए. आर. टी.बरोबर देता येतात. परंतु प्रत्येक तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ कोठून आणावयाचा? गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत रुग्णांना दैनंदिन कामे व भेटीगाठी क्रमाक्रमाने पुन्हा सुरू करण्यास साहाय्य केले. तीव्र अवसादातही याचा लाभ झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. हे रुग्ण एच. आय. व्ही.चे म्हणून निवडलेले नव्हते. झिंबाब्वेतील हरारे शहरात मात्र अशाच स्वरूपाच्या उपक्रमात बाधितांची संख्या मोठी होती. तेथे दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून प्रौढ स्त्रिया रुग्णांशी बोलत, आणि या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, या लोकांच्याच शब्दाने संबोधीत. ‘डोक्यात विचार फिरतात’ असे सांगणाऱ्या कर्जतच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.